एसएचएल: स्वीडनच्या सर्वोच्च आइस हॉकी लीगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी-शिक्षणासाठी स्वीडनला आलेले मराठी लोक पहिल्याच हिवाळ्यात एक गोष्ट पाहतात: ऑफिसातल्या सोमवारच्या गप्पा हॉकीवर सुरू होतात आणि हॉकीवरच संपतात. मग प्रश्न येतात. काही पुण्या-मुंबईतूनही येतात, एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) बघता बघता स्वीडिश खेळाडूंच्या गावांची नावं ऐकलेल्यांचे. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे गुंतागुंतीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एसएचएल म्हणजे नेमकं काय?

'स्वेन्स्का हॉकीलीगन', म्हणजे स्वीडिश हॉकी लीग. पुरुषांच्या आइस हॉकीतली देशातली सर्वांत वरची व्यावसायिक लीग. १४ संघ आहेत. प्रत्येक संघ बाकीच्या तेराही संघांशी चार-चार वेळा खेळतो, म्हणून साखळीत प्रत्येकाचे ५२ सामने होतात. हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि वसंतात, बर्फ वितळून गेल्यावर, अंतिम फेरीने संपतो. जिंकणारा संघ स्वीडनचा अजिंक्य संघ ठरतो आणि त्याला ले मा चषक मिळतो (या नावाची गोष्ट प्रश्न ३ मध्ये).

२. जुने लोक 'एलीटसेरीएन' म्हणतात. ती वेगळी लीग होती का?

नाही, तीच ही लीग. १९७५ मध्ये ती 'एलीटसेरीएन' या नावाने सुरू झाली आणि जून २०१३ मध्ये तिचं नाव एसएचएल झालं. संघ, विक्रम, विजेतेपदं सगळं सलग मोजलं जातं. साठीतला कुणी शेजारी अजूनही 'एलीटसेरीएन' म्हणत असेल तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. त्याच्या आयुष्यातले बहुतेक हिवाळे त्या नावाखाली गेले आहेत.

३. १९७५ च्या आधी स्वीडनमध्ये हॉकी कशी खेळली जायची?

आधी बँडी होती. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या बर्फावर, अकरा-अकरा जणांनी, चेंडूने खेळायचा हा खेळ स्वीडनच्या अंगवळणी पडलेला होता. आइस हॉकी आली ती १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमुळे. राउल ले मा नावाचा एक अमेरिकन गृहस्थ चित्रपटांच्या व्यवसायानिमित्त स्टॉकहोममध्ये होता. स्वीडनने हॉकीचा संघ पाठवावा म्हणून तो मागे लागला आणि बँडीचे खेळाडू घेऊन संघ उभा राहिला. तो संघ चौथा आला. ज्या देशात या खेळाची लीगच नव्हती, त्या देशासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

१९२२ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली स्वीडिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती स्टॉकहोमच्या आयके योटा संघाने जिंकली. ले माच्या नावाचा चषक १९२६ पासून दिला जाऊ लागला. पहिला मान युरगोर्डेनचा. आज शंभर वर्षांनीही तोच चषक विजेत्याच्या हाती जातो.

त्या काळात सामना होणार की नाही हे आकाश ठरवायचं. कृत्रिम बर्फ दुर्मीळ, छप्पर त्याहून दुर्मीळ. स्टॉकहोमच्या योहानेसहोव्ह रिंकवर १९५५ मध्ये कृत्रिम बर्फ आला, पण छप्पर पडलं १९६३ मध्ये. तोवर हजारो लोक उघड्यावर, उणे तापमानात उभे राहून सामने बघायचे.

लीगच्या पातळीवर १९४४ ते १९७५ हा 'डिव्हिजन १'चा काळ. युरगोर्डेनने १९५८ ते १९६३ अशी सलग सहा विजेतेपदं याच काळात जिंकली. स्वेन टुम्बा हा त्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू. मग यव्ले गावच्या ब्रीनेसचा जमाना आला: १९६४ पासून १९७२ पर्यंतच्या नऊ हंगामांत सात विजेतेपदं. मधलं १९६५ चं व्हेस्त्रा फ्रोलुंडाने आणि १९६९ चं लेक्सांदने नेलं.

४. मग चांगलं चालू असताना १९७५ मध्ये नवी लीग कशाला काढली?

डिव्हिजन १ मध्ये संघांची ताकद फार कमी-जास्त होती. बलाढ्य संघ दुबळ्या संघाला दहा-बारा गोलांनी हरवायचा. अशा सामन्यांतून तिकिटं खपत नाहीत आणि खेळाडूही तयार होत नाहीत. म्हणून देशातले सर्वोत्तम दहा संघ एका लीगमध्ये आणायचे, प्रत्येक सामना चुरशीचा व्हावा, असा विचार झाला.

त्याच सुमारास बाहेरून धक्का बसत होता. १९७३ मध्ये ब्रीनेसचे बोर्ये साल्मिंग आणि इंगे हॅमरस्ट्रोम टोरांटो मेपल लीफ्सकडे गेले. पुढच्या वर्षी आंदेर्स हेडबेर्ग, उल्फ निल्सन आणि लार्श-एरिक शोबेर्ग विनिपेगला गेले. तोवर स्वीडिश खेळाडू दिवसा नोकरी आणि संध्याकाळी हॉकी असं जगत होते. आता समुद्रापलीकडून पूर्ण वेळचे करार येऊ लागले. ही गळती थांबणार नव्हतीच, पण निदान घरची लीग खेळाडूंना घडवण्याइतकी कसदार असावी, ही गरज ठळक झाली.

पहिला हंगाम १९७५-७६ चा: दहा संघ, प्रत्येकी ३६ सामने, विजेता ब्रीनेस. पुढच्या वर्षीही ब्रीनेसच.

५. दहाचे चौदा संघ कसे झाले?

दोन टप्प्यांत. १९८७-८८ पासून बारा संघ आणि २०१५-१६ पासून चौदा.

पहिल्या वाढीनंतरची पद्धत आज कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. बारा संघ २२ सामने खेळायचे, नाताळापर्यंत. मग तळाचे दोन संघ हंगामाच्या मधेच लीगबाहेर पडून खालच्या पातळीवरच्या चांगल्या संघांबरोबर 'आल्सवेन्स्कान'मध्ये खेळायचे. उरलेले दहा ४० सामने पुरे करायचे. म्हणजे जानेवारीत एखाद्या क्लबच्या तिकीटविक्रीचा, जाहिरातदारांचा, सगळाच हिशेब उलटायचा. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली आणि सगळ्यांना पूर्ण हंगाम मिळू लागला.

माझ्या मते संघांच्या संख्येपेक्षा हा बदल मोठा. वर्षभराचं उत्पन्न ठरलेलं असेल तरच क्लब तरुण खेळाडूंवर, प्रशिक्षकांवर आणि रिंकवर खर्च करायची हिंमत करतो.

६. गुणतक्ता कसा वाचायचा? हरलेल्या संघालाही गुण कसा मिळतो?

साठ मिनिटांत जिंकलं तर ३ गुण. बरोबरी झाली तर आधी ओव्हरटाइम आणि तरीही निकाल न लागल्यास पेनल्टी शॉट. त्यात जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १. म्हणून प्रत्येक सामन्यातून एकूण तीनच गुण वाटले जातात. ओव्हरटाइममध्ये गोलरक्षक सोडून दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू असतात. एवढ्या मोठ्या बर्फावर सहाच जण, त्यामुळे पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाऱ्यासारखा जातो. पहिल्यांदा सामना बघायला जाणाऱ्यांनी बरोबरीची इच्छा धरावी.

बाद फेरीत हे लागू नाही. तिथे पेनल्टी शॉट नाहीत, गोल होईपर्यंत खेळत राहायचं.

७. साखळीत पहिला आलेला संघ चँपियन का नाही?

कारण अजिंक्यपद बाद फेरीत ठरतं. पहिले सहा संघ थेट उपउपांत्य फेरीत जातात. सातवा ते दहावा हे चार संघ आधी आपसांत तीन सामन्यांची छोटी मालिका खेळतात, त्यातून दोन पुढे येतात. तिथून पुढे प्रत्येक फेरी सात सामन्यांची, जो आधी चार जिंकेल तो पुढे.

आयपीएलशी तुलना करून अनेक जण विचारतात की मग साखळीतल्या ५२ सामन्यांना अर्थ काय. अर्थ असा की वरच्या संघाला निर्णायक सातवा सामना घरच्या रिंकवर मिळतो, आणि तळाला काय होतं ते पुढच्या उत्तरात आहे.

८. तळाच्या संघांचं काय होतं? खरंच लीगबाहेर काढतात?

हो, आणि या लीगबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा असतो. एनएचएलमध्ये तर त्याला चांगला नवा खेळाडू आधी निवडायची संधी मिळते. एसएचएलमध्ये तो संघ खाली जाऊ शकतो.

सध्याची पद्धत २०२०-२१ च्या हंगामापासूनची: तेरावा आणि चौदावा संघ सात सामन्यांची मालिका खेळतात. हरणारा 'हॉकीआल्सवेन्स्कान' या दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये जातो आणि तिथली बाद फेरी जिंकणारा वर येतो. अकरावा आणि बारावा संघ मात्र सुटतात. त्यांचा हंगाम मार्चमध्ये शांतपणे संपतो.

२०१४ पर्यंत बरीच वर्षं 'क्वालसेरीएन' होती: वरच्या लीगचे तळाचे दोन आणि खालच्या लीगचे चार, असे सहा संघ, प्रत्येकी दहा सामने, पहिल्या दोघांना वर जागा. २०१४ ची शेवटची क्वालसेरीएन स्टॉकहोमकर विसरणार नाहीत. शहरातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी, युरगोर्डेन आणि एआयके, तिच्यात एकत्र आले. युरगोर्डेन वर आलं, एआयके खाली गेलं.

क्वालसेरीएन गेल्याचं अनेकांना वाईट वाटतं, मलाही. दहा सामन्यांत खालच्या संघांना आपली खरी ताकद दाखवता यायची. पण एका गोष्टीत आताची पद्धत सरस आहे: खालून निदान एक संघ नक्की वर येतो. दार किती उघडं ठेवायचं हा वाद या लीगच्या जन्मापासून चालू आहे. वर बसलेल्या क्लबांना ते थोडं आवळून हवं असतं आणि खालच्यांना सताड उघडं. ते पूर्ण बंद मात्र कधी झालेलं नाही.

९. मोठे क्लबही खाली जातात का, की हे फक्त छोट्यांसाठी?

अलीकडची यादीच बघा. २०२१ मध्ये एचव्ही ७१ खाली गेलं, पाच वेळचे विजेते. २०२२ मध्ये युरगोर्डेन, सोळा वेळचे विजेते. २०२३ मध्ये ब्रीनेस, तेरा वेळचे. २०२४ मध्ये ओस्कारशाम्न आणि २०२५ मध्ये मोडो.

युरगोर्डेन गेल्यावर २०२२ ते २०२५ असे तीन हंगाम देशाच्या राजधानीचा एकही संघ सर्वोच्च लीगमध्ये नव्हता, कारण एआयके आधीच खालच्या लीगमध्ये होतं. मुंबईचा संघ रणजीच्या वरच्या गटात तीन वर्षं नाही अशी कल्पना करा. कुणीही नियम बदलून त्यांना आत घेतलं नाही. ते २०२५ मध्ये खेळूनच वर आले. ब्रीनेसने तर कमाल केली: २०२४ मध्ये परतले आणि पहिल्याच हंगामात थेट अंतिम फेरी गाठली. तिथे लुलेओकडून हरले.

१९७५ पासून एकही हंगाम न चुकता वर राहिलेला क्लब एकच, कार्लस्तादचा फेर्येस्ताद.

१०. या संघांचे मालक कोण? कुणी उद्योगपती?

मालक सभासद. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजवायला सहकारी साखर कारखान्याइतकं जवळचं उदाहरण नाही. वर्षाची वर्गणी भरली की तुम्ही सभासद. वार्षिक सर्वसाधारण सभेला जायचं, ताळेबंदावर प्रश्न विचारायचे, संचालक मंडळ निवडायचं. एका सभासदाला एक मत.

१९९९ पासून क्लबला हवं तर आपला व्यावसायिक संघ कंपनीत घालता येतो. पण त्या कंपनीतली बहुसंख्य मतं सभासदांच्या क्लबकडेच राहिली पाहिजेत. याला बोलीत '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. तो हॉकीपुरता नाही, स्वीडनच्या क्रीडा महासंघाचा सगळ्या खेळांना लागू असलेला नियम आहे. तो काढून टाकावा, बाहेरचा पैसा येऊ द्यावा, अशा मागण्या झाल्या. त्या आतापर्यंत टिकलेल्या नाहीत.

त्यामुळे कुणी श्रीमंत माणूस संघ विकत घेऊन दुसऱ्या शहरात हलवेल हे इथे होऊ शकत नाही. लुलेओचा संघ लुलेओतच राहणार. लीग चालवणारी कंपनीसुद्धा तिच्यात खेळणाऱ्या क्लबांच्याच मालकीची आहे.

११. मैदानावर जिंकूनही हिशेबात नापास होता येतं का?

येतं. वरच्या दोन्ही लीगमध्ये खेळायला दर वर्षी 'एलीट लायसन्स' लागतं. त्यासाठी क्लबचे हिशेब तपासले जातात आणि स्वतःचं भांडवल शिल्लक आहे का हे पाहिलं जातं. नसेल तर लायसन्स नाही.

सर्वांत बोललं जाणारं उदाहरण एआयकेचं. स्टॉकहोमचा हा जुना क्लब, १९८२ आणि १९८४ चा विजेता. २००४ मध्ये पैशांच्या अडचणीमुळे त्याला तिसऱ्या पातळीवर जावं लागलं. तिथून तो खेळत खेळत वर चढला आणि २०१० मध्ये पुन्हा सर्वोच्च लीगमध्ये आला. प्रश्न ८ मधला २०१४ चा प्रसंग वाचताना हेही लक्षात घ्या. ज्यांनी ती चढण पाहिली, त्यांना ती घसरण किती लागली असेल.

१२. एवढ्याशा गावांचे संघ इतके बलवान कसे?

मला सर्वांत जास्त आवडणारा प्रश्न.

उत्तरेतलं ओर्नशेल्ड्सविक घ्या. मूळ गावात तीस हजारांच्या आसपास वस्ती. तिथला क्लब मोडो. हे नाव 'मू ओक दोमशो' या लाकूड-कागदाच्या कंपनीवरून आलं आहे. पेटेर फोर्शबेर्ग आणि मार्कुस नेसलुंड दोघेही या गावचे, जुलै १९७३ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले. सेदीन जुळे भाऊ, हेन्रिक आणि दानिएल, इथलेच. विक्टर हेडमन इथलाच. जगातल्या कित्येक मोठ्या शहरांनीही एवढे खेळाडू दिले नसतील.

यामागचं कारण साधं आणि कष्टाचं आहे. क्लब म्हणजे फक्त टीव्हीवर दिसणारा संघ नव्हे. त्याच क्लबात सहा वर्षांची मुलं स्केटिंग शिकतात, त्याच रिंकवर, बरेचदा पालकच प्रशिक्षक असतात. पहाटेच्या सरावाला मुलांना सोडणारे आई-बाप, कॉफी विकून पैसे जमवणारे स्वयंसेवक, हे सगळे सभासद (प्रश्न १०). वरचा संघ ही त्या झाडाची फांदी आहे. मोडो २०१६ मध्ये खाली गेला आणि सात वर्षं खाली राहिला, तरी मुलांचे सराव थांबले नाहीत. २०२३ मध्ये तो परत आला, २०२५ मध्ये पुन्हा गेला.

दालार्ना प्रांतातलं लेक्सांद हेही असंच. वस्ती सहा हजारांच्या आसपास आणि रिंकमध्ये जागा सात हजारांहून जास्त. सामन्याच्या दिवशी आजूबाजूची गावं रिकामी होतात.

१३. चांगले खेळाडू एनएचएलला जातातच, मग ही लीग दुय्यम नाही का?

सर्वोत्तम स्वीडिश खेळाडू ऐन उमेदीच्या काळात उत्तर अमेरिकेत असतात, हे खरं आहे. पण ते तयार इथे होतात. मात्स सुंदीन १९८९ मध्ये एनएचएलच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला युरोपीय खेळाडू. त्या वसंतात युरगोर्डेन स्वीडनचं विजेतं होतं आणि पुढच्या हंगामात तो त्यांच्याकडून खेळला. रास्मुस डालीन २०१८ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तोवर तो फ्रोलुंडाच्या मोठ्यांच्या संघात खेळून तयार झाला होता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तिशीतल्या बाप्यांविरुद्ध खेळायला लावणारी लीग ही फार मोठी शाळा आहे.

आणि खेळही वेगळा आहे. स्वीडनमधले रिंक परंपरेने ६० बाय ३० मीटरचे. एनएचएलचे साधारण ६१ बाय २६. त्या चार मीटरच्या जास्त रुंदीमुळे पास देण्याला, जागा शोधण्याला महत्त्व येतं. मारामारीला इथे थारा नाही. हातमोजे काढून भिडलात तर सहसा सामन्यातूनच बाहेर.

युरोपात ही लीग कुठे आहे हे बघायचं तर चँपियन्स हॉकी लीग बघा. आत्ताच्या स्वरूपातली पहिली स्पर्धा २०१५ मध्ये लुलेओने जिंकली. त्यानंतर फ्रोलुंडाने २०१६, २०१७, २०१९ आणि २०२० अशी चार वेळा आणि रोगलेने २०२२ मध्ये.

१४. एनएचएल बंद पडली तेव्हा तिथले तारे स्वीडनमध्ये खेळले म्हणतात. खरं का?

खरं. २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात एनएचएलचा अख्खा हंगाम रद्द झाला. फोर्शबेर्ग, नेसलुंड आणि सेदीन बंधू आपल्या गावी, मोडोत परतले. दानिएल आल्फ्रेडसन योटेबोरीला (गोथेनबर्गला) फ्रोलुंडात आला. गोलमध्ये तरुण हेन्रिक लुंडक्विस्ट होता आणि फ्रोलुंडाने विजेतेपद जिंकलं. त्या हिवाळ्याबद्दल इथले लोक अजूनही दिवाळीच्या आठवणी सांगाव्यात तसं बोलतात.

२०१२ मध्ये तीच वेळ पुन्हा आली तेव्हा मात्र क्लबांनी वेगळा निर्णय घेतला. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना करार द्यायचे नाहीत. देशाच्या स्पर्धा आयोगाने त्याला हरकत घेतली, प्रकरण बाजार न्यायालयात गेलं आणि डिसेंबरात निकाल हॉकी संघटनेच्या बाजूने लागला. मला क्लबांची बाजू पटते. महिनाभरासाठी आलेला तारा घरच्या एका मुलाची जागा घेतो आणि कधी परत जाईल ते कुणालाच माहीत नसतं.

१५. सर्वांत यशस्वी क्लब कोणता? दोन ठिकाणी दोन उत्तरं सापडतात.

दोन्ही बरोबर असू शकतात. मोजायला कुठून सुरुवात करता यावर आहे.

१९२२ पासूनची सगळी अजिंक्यपदं धरली तर युरगोर्डेन, १६. त्यामागे ब्रीनेस, १३. पण फक्त १९७५ नंतरची, म्हणजे एलीटसेरीएन-एसएचएलची धरली तर फेर्येस्ताद, १०. युरगोर्डेन आणि ब्रीनेस त्या काळात सहा-सहावर आहेत, कारण त्यांचा सुवर्णकाळ आधीचा (प्रश्न ३).

वैयक्तिक विक्रमही फेर्येस्तादकडेच आहे. होकान लोबने १९८२-८३ मध्ये ३६ सामन्यांत ४२ गोल आणि ३४ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) असे ७६ गुण केले. आता साखळीत १६ सामने जास्त असतात, तरी तो आकडा तिथेच आहे.

१६. २०२० चा विजेता कोणत्याच यादीत का नाही?

कारण कुणी जिंकलंच नाही. साखळी पूर्ण झाली, लुलेओ पहिलं आलं, आणि १५ मार्च २०२० ला करोनामुळे हंगाम तिथेच थांबवला गेला. बाद फेरी नाही, अजिंक्यपद नाही, कुणी खाली गेलं नाही आणि कुणी वरही आलं नाही.

लुलेओकरांसाठी हे फार जड गेलं. त्यांचं तोवरचं एकमेव विजेतेपद १९९६ चं. २०२० ला संधी गेली, २०२२ च्या अंतिम फेरीत ते फेर्येस्तादकडून हरले. शेवटी २०२५ मध्ये, २९ वर्षांनी, ले मा चषक पुन्हा आर्क्टिक वर्तुळाजवळच्या त्या शहरात गेला.

१७. 'फ्रोलुंडा इंडियन्स' या नावाचा आपल्याशी काही संबंध आहे का?

नाही. तो उल्लेख अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा होता. क्लबचं जुनं नाव व्हेस्त्रा फ्रोलुंडा, 'व्हेस्त्रा' म्हणजे पश्चिम, आणि त्यावरून 'वाइल्ड वेस्ट'ची कल्पना निघाली. एका समाजाचा चेहरा खेळाचं चिन्ह म्हणून वापरणं योग्य नाही हे मान्य करून क्लबने २०२१ मध्ये ते नाव सोडायचा निर्णय जाहीर केला. जुन्या मफलरींवर ते अजून दिसतं.

१८. नावं कशी उच्चारायची? काही नावं तर गावांचीही वाटत नाहीत.

स्पेलिंग बघून वाचलंत तर चुकणारच. शेलेफ्तेओ, लुलेओ, वेक्शो, युरगोर्डेन, योनशोपिंग, लिनशोपिंग: साधारण असे म्हणा, लोक समजून घेतात. गोथेनबर्गला इथे योटेबोरी म्हणतात.

अनेक क्लबांची नावं शहराची नसून पेठेची आहेत. ब्रीनेस ही यव्लेतली वस्ती, फेर्येस्ताद कार्लस्तादमधली, फ्रोलुंडा योटेबोरीतली, युरगोर्डेन स्टॉकहोममधली. पुण्याच्या पेठेतल्या तालमीने देशाचं अजिंक्यपद जिंकावं, तसं. एचव्ही ७१ हे नाव हुस्कवार्ना आणि व्हेत्तरस्ताद या दोन क्लबांच्या १९७१ मधल्या एकत्रीकरणातून आलं. क्लब योनशोपिंगचा.

१९. खेळाडूंच्या गळ्याला तो पट्टा कशासाठी?

स्केटच्या पात्यापासून संरक्षण. १९९५ मध्ये हंगामापूर्वीच्या एका सराव सामन्यात मोरा संघाच्या खेळाडूच्या गळ्यावर स्केट लागून त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर स्वीडनमध्ये गळ्याचं संरक्षण सक्तीचं झालं. मूल स्केटिंगला घालणार असाल तर हा पट्टा आधी घ्या, स्टिक नंतर.

२०. महिलांची लीग आहे का?

आहे, 'एसडीएचएल'. २००७ पासून ती 'रिक्ससेरीएन' नावाने खेळली जात होती, २०१६ मध्ये नाव बदललं. गेल्या दशकात लुलेओच्या महिला संघाने तिच्यावर राज्य केलं. पुरुषांच्या संघाला २९ वर्षं थांबावं लागलं, तेव्हा त्याच शहरात महिला एकामागून एक विजेतेपदं आणत होत्या. तिकिटं स्वस्त असतात, जागा मिळते आणि लहान मुलींना घेऊन जायला याहून चांगली दुपार नाही.

२१. पहिला सामना कुठे बघावा?

योटेबोरीत असाल तर स्कँडिनेव्हियम, बारा हजारांचं सभागृह, फ्रोलुंडाचं घर. याच क्लबने २८ डिसेंबर २००९ ला उलेव्हीच्या फुटबॉल मैदानावर फेर्येस्तादविरुद्ध लीगमधला पहिला खुल्या आकाशाखालचा सामना खेळला. ३१,१४४ लोक आले होते.

पण शक्य असेल तर एकदा छोट्या गावात जा: लेक्सांद, तिमरो, शेलेफ्तेओ. बसायचं तिकीट सोडून उभं राहण्याच्या बाजूचं घ्या, जिथे घोषणा देणारा गट असतो. स्वेटर घाला, आत थंडी असते. मध्यंतरं दोन, त्यात सगळे कॉफीच्या रांगेत. शेजारच्या आजोबांना विचारा, ते किती वर्षं येतात. बहुतेकदा उत्तर त्यांच्या वडिलांपासून सुरू होतं.

२२. मी स्वीडिश नागरिक नाही. तरी क्लबचा सभासद होता येईल का?

हो. सभासद होण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. क्लबच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, वर्गणी भरायची. मताचा अधिकार कधीपासून मिळतो याच्या अटी, म्हणजे वयाची मर्यादा किंवा सभेआधी किती दिवस सभासद असायला हवं, प्रत्येक क्लबच्या घटनेत लिहिलेल्या असतात. त्या वाचून मग सभेला जा. सभा स्वीडिशमध्ये चालते आणि मतदान बरेचदा हात वर करून होतं.